तिसऱ्या खेपेचे पाच सेकंद

पडण्याआधी ओतिलियाने त्या जिन्याकडे कधी पाहिलेच नव्हते. बंदराकडून टेकडीवर चढणाऱ्या एकशे सदतीस पायऱ्या ती साठ वर्षे तुडवत आली होती, माणूस श्वास घेतो तशी, मोजदाद न ठेवता. मग एप्रिलमधल्या एका सकाळी, पाव आणायला निघाली असताना, ओल्या दगडावरून तिचा पाय गेला आणि ती तीन पायऱ्या खाली जाऊन बसली. हाड मोडले नाही. गुडघ्यावर नाण्याएवढे खरचटले, तेही आठवड्याभरात खपली धरून गेले. पण त्या दिवसापासून तिला प्रत्येक पायरी सुटी दिसू लागली. हिची कड झिजलेली, ही पुढे कललेली, हिच्या बगलेत शेवाळ, आणि या सगळ्यांच्या शेवटी, खूप खाली, समुद्र तोंड वासून बसलेला.

आधी ती दोन्ही हातांनी कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरू लागली. मग आठवड्यातून एकदाच. मग उतरेनाशीच झाली. एदेल्मिरा रोज सकाळी तिच्यासाठी पाव घेऊन येई आणि दारातूनच म्हणे, "कोमाद्रे, राणीसाहेबांचा पाव आलाय."

"कालचा आहे की आजचा?"

"उद्याचा. कालच्याला तू नावं ठेवतेस."

दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. सकाळी किटली ठेवली की एदेल्मिरा भिंतीवर दोनदा ठोकी आणि पलीकडून दोनदा उत्तर येई. त्या ठोक्यांवर दिवस सुरू होत असे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ओतिलियाच्या रुबेनला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरले ते एदेल्मिराने, तेव्हापासून त्या एकमेकींच्या कोमाद्रे. या नात्याला रक्त लागत नाही, पण टेकडीवर त्याला रक्ताहून उणे कुणी मानत नाही. एदेल्मिराने लग्न केले नव्हते. तिची माणसे म्हणजे भिंतीपलीकडची ओतिलिया, आणि दूर उत्तरेला, कालामाच्या तांब्याच्या खाणीत यंत्रे दुरुस्त करणारा हा धर्मपुत्र.

रुबेन दर रविवारी फोन करी.

"आई, इथे सगळं सपाट आहे. एक पायरी नाही घराला."

"थडगंही सपाटच असतं," ओतिलिया म्हणे.

"थट्टा पुरे. एकदा पडलीस, मी गप्प बसलो. आता दवाखान्यातून मला एक जरी फोन आला ना, तर गाडी घेऊन निघालोच म्हणून समज."

फोन ठेवल्यावर ओतिलिया बराच वेळ खिडकीशी उभी राही. कालामाला समुद्र नाही. तिथली धूळ दात घासतानाही दातांखाली येते, असे ती एकदाच जाऊन आली तेव्हा म्हणाली होती. भिंतीपलीकडून उत्तर न येणाऱ्या सकाळची कल्पना एदेल्मिराने एकदा करून पाहिली होती, आणि गरम झाकण हातातून टाकावे तशी लगेच टाकून दिली होती.

म्हणून मेच्या अखेरीस, जिन्याच्या मध्यावर असलेल्या वस्तीच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी तोल सावरण्याचे वर्ग सुरू होणार असल्याची पाटी दिसली, तेव्हा एदेल्मिराने विचारलेसुद्धा नाही. दोघींची नावे देऊन आली.

"मी अडुसष्ट पायऱ्या उतरू शकले असते तर वर्ग कशाला हवा होता?" ओतिलियाने विचारले.

"अडुसष्ट नाही, एकेक. अडुसष्ट वेळा."

पहिल्या दिवशी त्या अडुसष्ट पायऱ्यांना पाऊण तास लागला. एदेल्मिरा एक पायरी पुढे, पाठमोरी नव्हे तर तोंड करून, आपले खांदे पुढे केलेले. आणि ओतिलियाची बोटे तिच्या स्वेटरात रुतलेली. खाली दारात बाल्दो उभा होता. बाल्दोमेरो, गोदीतला जुना हमाल, ज्याला एका कानाने ऐकू येत नव्हते आणि दुसऱ्याने सोयीपुरते येत होते.

"या, या. नवरीमुलगी आली म्हणायची," तो म्हणाला. "चर्चमध्येसुद्धा एवढ्या सावकाश कोणी चालत नाही."

"तुझ्याशी लग्न असतं तर ह्याहूनही सावकाश आले असते," ओतिलिया म्हणाली. तिचे कपाळ घामाने ओले होते.

वर्ग घेणारी यास्ना दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट होती. तिशीची, केस आखूड, आवाज मोठा. तिने जमिनीवर निळी चिकटपट्टी लावली आणि टाचेला पंजा टेकवत त्यावरून चालायला सांगितले. खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. खुर्चीची पाठ दोन बोटांनी धरून एका पायावर उभे राहायचे; मग एका बोटाने; मग बोटही उचलायचे. ती म्हणे, "पडायची भीती वाटते म्हणून तुम्ही हालत नाही. हालत नाही म्हणून पाय विसरतात. पाय विसरले की तुम्ही पडता. आपण ही साखळी भीतीच्या कडीपाशी तोडायची."

"आणि मध्येच पडलो तर?" बाल्दो विचारी.

"मी मागे उभी आहे ना."

"पोरी, तुझं वजन माझ्या एका पायाएवढं आहे."

बारा आठवडे पाऊस, उत्तरेचा वारा आणि सागरी धुके यांच्यामधून दोघी त्या अडुसष्ट पायऱ्या करत राहिल्या. एदेल्मिराचे पाय तिला साथ देत होते. सातव्या आठवड्यात ती एका पायावर अकरा सेकंद उभी राहिली, आणि तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. ओतिलियाची भीती मात्र आपला कोपरा सोडत नव्हती. खुर्चीवरून तिचे शेवटचे बोट सुटले की तिचा चेहरा राखेसारखा होई आणि वर उचललेला पाय, जणू त्याला कुणी हाक मारली आहे, तसा खाली येई. दीड सेकंद. दोन.

"अगं, खाली काय मगर आहे?" एदेल्मिरा म्हणे.

"मगर असती तर बरं झालं असतं. दिसली तरी असती."

शेवटी परीक्षा होती. यास्नाने नियम समजावला: प्रत्येकाला तीन खेपा, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. एका पायावर पाच सेकंद झाले, तर कागदावर "स्वावलंबी". पाचाच्या आत राहिले, तर नाव दुसऱ्या यादीत. त्या यादीतल्यांना घरी येऊन तपासतात, आणि पहिल्याच दिवशी घरच्यांना फोन करून कळवतात.

"म्हणजे रुबेनला," ओतिलिया घरी चढताना म्हणाली.

"म्हणजे रुबेनला," एदेल्मिरा म्हणाली.

पुढच्या सगळ्या पायऱ्या ओतिलियाने दोन्ही हातांनी कठडा धरून चढल्या.

परीक्षेच्या दिवशी यास्नाची मदतनीस आजारी पडली. यास्नाला प्रत्येकाच्या मागे हात पसरून उभे राहावे लागणार, मग घड्याळ कोण पाहणार? सगळे एदेल्मिराकडे वळले. ते साहजिकच होते. टेकडीवर मोजण्याचे काम एकतीस वर्षे तिचेच होते.

जिन्याच्या शेजारून दोरावर ओढली जाणारी, माणसे नेणारी एक लाकडी डबी पूर्वी टेकडी चढत असे. एक वर जाई तेव्हा तिची जोडीदार खाली येई आणि दोघींचा भार एकमेकींना तोलून धरी. नऊ वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी म्हणून ती बंद पडली आणि रुळांवर बडीशेपेचे रान माजले. त्या डबीच्या खालच्या फाटकाशी एदेल्मिरा बसे. डबीत बारा माणसे घ्यायची, असा पितळी पाटीवर हुकूम होता. पण पावसात चौदावी बाई ओली पिशवी छातीशी धरून उभी असेल, तर एदेल्मिरा बाराच मोजी. मूल अर्धे, म्हातारी पाऊण, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तो मोजायचाच नाही. तपासनीसाने विचारले तर ती त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणे, "बारा." दोर कधी तुटला नाही. लोक म्हणत, एदेल्मिराचे मोजणे म्हणजे टेकडीवरची दया. तीही हळूहळू तसे मानू लागली होती. तिच्या मनात आकडा ही एक मऊ वस्तू झाली होती, माणसाच्या गरजेप्रमाणे वाकणारी.

बाल्दोचे सात झाले. त्याने टोपी काढून सभागृहाला अभिवादन केले.

ओतिलियाची पहिली खेप दोन सेकंदांत संपली. दुसरी तीनच्या जरा अलीकडे. यास्ना तिच्या पाठीशी होती, दोन्ही तळवे तिच्या कमरेपासून वीतभर दूर. "सावकाश, सेन्योरा. समोर बघा. खिडकीतलं ते जहाज बघा."

तिसऱ्या खेपेला ओतिलियाने जहाजाकडे पाहिले नाही. तिने एदेल्मिराकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती. नुसता विश्वास होता, फाटकाशी ओल्या पिशवीसह उभ्या राहणाऱ्या माणसाचा. बोट सुटले. पाय उचलला गेला. एदेल्मिराच्या मुठीत घड्याळ धावू लागले, आणि पाय खाली टेकला तेव्हा तिने अंगठा दाबला. काचेखाली तीन पूर्णांक चार होते.

"पाच," एदेल्मिरा म्हणाली. "पाच आणि थोडं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. यास्नाने मागूनच ओतिलियाला मिठी मारली आणि टेबलाशी जाऊन कागदावर लिहिले. एदेल्मिराने घड्याळाचे बटण पुन्हा दाबले. काचेखालचे आकडे शून्यावर गेले, कधी नव्हतेच असे.

त्या दिवशी परतताना ओतिलियाने कठडा एका हाताने धरला. दुसऱ्या दिवशी ती पाव आणायला स्वतः गेली. परतल्यावर तिने भिंतीवर ठोकले नाही, दारात येऊन उभी राहिली. श्वास लागलेला, गालांवर वाऱ्याची लाली.

"राणीसाहेब स्वतः पाव घेऊन आल्यात," ती म्हणाली. "पाच सेकंद, कोमाद्रे. मला वाटत होतं दोनच झाले असतील. आतून किती कमी वाटतं, नाही?"

"आतून नेहमीच कमी वाटतं," एदेल्मिरा म्हणाली.

सांगायचे तिने तीनदा ठरवले. एकदा चहाच्या वेळी. तेव्हा ओतिलिया रुबेनला फोनवर परीक्षेचे सांगत होती. एकदा बाजारात, तेव्हा ती टोमॅटो निवडत नवऱ्याचे आवडते गाणे गुणगुणत होती, जे पडल्यापासून तिच्या तोंडी आले नव्हते. तिसऱ्यांदा एदेल्मिराने स्वतःलाच समजावले, की भीती गेली की पाय आठवतात, असे यास्नानेच सांगितले नव्हते का? मग धीर आधी आला आणि पाय मागून आले, तर काय बिघडले? चौदा माणसे घेऊनही डबी वर पोहोचतच होती.

अठरा सप्टेंबरला, देशाच्या वाढदिवशी, सभागृहात क्वेका नाचायचा बेत होता. बाल्दोने खिशातून इस्त्री केलेला पांढरा रुमाल काढला आणि ओतिलियासमोर वाकला. ती उठली, हात न टेकता. रुमाल हवेत फिरवत, अर्धवर्तुळात पुढे-मागे सरकत ती नाचली तेव्हा यास्ना टाळी वाजवता वाजवता रडली. एदेल्मिराही टाळी देत होती. तिचे डोळे मात्र ओतिलियाच्या पायांवर होते, आणि प्रत्येक वळणावर तिला तो उशिरा टेकणारा, चाचपडणारा डावा पंजा दिसत होता, जो दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हता.

दुसऱ्या सकाळी धुके होते. एदेल्मिरा दारात पायपोस झटकत असताना ओतिलिया बाहेर आली. दोन्ही हातांत ताट, ताटात उरलेले सहा सारण भरलेले एम्पानादा, आणि त्यांवर झाकलेला कालचा पांढरा रुमाल.

"कुठे निघालीस?"

"बाल्दोकडे. रुमाल राहिला त्याचा. आणि बिचाऱ्याने काल नाचण्याच्या नादात काही खाल्लं नाही."

"कठडा धर."

"कशाने धरू, दातांनी?"

"थांब. ताट मी घेते. पायऱ्या ओल्या आहेत."

ओतिलिया पहिल्या पायरीवर थांबली आणि वळून हसली. "तू आता रुबेनसारखी करायला लागलीस. अगं, एका पायावर पाच सेकंद उभी राहिलेय मी. इथे तर दोन पाय आहेत. तूच मोजलेस ना?"

वाक्य एदेल्मिराच्या तोंडात होते. त्यात तीनच शब्द होते: पाच नव्हते, कोमाद्रे. जिभेवर त्यांचे वजन तिला जाणवत होते. पण समोर ती होती, धुक्यात ताठ उभी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. एदेल्मिराने ओठ उघडले आणि म्हणाली, "लवकर ये. चहा टाकते."

तिने किटलीत पाणी घेतले तेव्हा ताटाचा आवाज आला. मातीचे ताट एकदा फुटते. पण पायऱ्यांवर ते फुटून मग तुकड्यातुकड्याने खूप वेळ उतरत राहते. त्या आवाजाच्या आधी किंवा नंतर ओतिलिया ओरडली नाही. बाविसाव्या पायरीवर ती कुशीवर पडलेली होती, डावा पाय नको त्या दिशेला वळलेला, आणि ताटावरचा रुमाल तिच्या मुठीत होता.

"पाऊल तर बरोबर टाकलं होतं मी," ती म्हणाली. तिला खरेच आश्चर्य वाटत होते.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेची पाळी यायला अकरा दिवस लागले. रुबेन तिसऱ्या दिवशी पोहोचला, उत्तरेची धूळ अजून गाडीवर घेऊन. त्याने यास्नाला इस्पितळात बोलावून घेतले. ती फाईल छातीशी धरून आली, आणि त्या खाटेशी उभी असताना ती तिशीची वाटत नव्हती, शाळकरी वाटत होती.

"दोन्ही हात कठड्यावरून सोडायला हिला कोणी शिकवलं?" रुबेनने विचारले.

"मी," यास्ना म्हणाली. "म्हणजे, तसं नाही, पण भीती सोडा असं मीच सांगत होते. कागद बघा. पाच सेकंद होते तिचे. पाच असतील तर मी... मला वाटलं, ती तयार आहे."

एदेल्मिरा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. यास्ना फाईलमधला तोच कागद पुन्हापुन्हा उलटून पाहत होती. तिला थांबवणारे तीन शब्द अजून तिथेच होते, आता शिळे झालेले.

रुबेन एदेल्मिराकडे, आपल्या धर्ममातेकडे वळला. "माद्रिना, तुम्ही होतात ना तिथे? घड्याळ तुमच्याकडे होतं. खरंच पाच होते?"

"विचारतोस काय?" उशीवरून ओतिलिया म्हणाली. तिचा आवाज कागदासारखा झाला होता. "तिसरी खेप होती माझी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दगड ओला होता, त्याला मी काय करू? पण उभी राहिले होते मी." तिने एदेल्मिराकडे पाहिले, तीच नजर, फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाची. "सांग त्याला."

"पाच," एदेल्मिरा म्हणाली. "पाच आणि थोडं."

रुबेनने मान खाली घातली. यास्नाने फाईल मिटली आणि रडू आवरत निघून गेली. ओतिलियाने डोळे मिटले. तिच्या ओठांवर जे उमटले त्याला हसू म्हणता आले असते.

टेकडीवर परत येण्याचा प्रश्नच उरला नव्हता. एदेल्मिराने तिची पेटी भरली. रुबेनने ती खाली नेली, घराला कुलूप घातले आणि किल्ली आपल्या धर्ममातेच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही नसतात तर ती केव्हाच खचली असती," तो म्हणाला आणि वाकून तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. तिने ते घेऊ दिले. इस्पितळाच्या दारात गाडीच्या काचेतून ओतिलियाने बोटांनी काचेवर दोनदा ठोकले. एदेल्मिराने उत्तर दिले तोवर गाडी हलली होती.

नोव्हेंबरमध्ये फेरपरीक्षा होती. मधल्या काळात एदेल्मिरा वर्गाला कधी गेली, कधी नाही. जिना उतरताना तिला आता बाविसावी पायरी दुरूनच दिसे, आणि तिच्यानंतरच्या सगळ्या दिसत. हिची कड झिजलेली, ही पुढे कललेली. ती कठड्याला दोन्ही हात लावी आणि आडवी उतरू लागे.

या वेळी घड्याळ बाल्दोच्या हातात होते. यास्ना मागे उभी राहिली. आता तिचे तळवे कमरेला जवळजवळ टेकलेलेच असत, आणि भीती सोडा असे ती कुणालाच म्हणत नसे. एदेल्मिराने बोट उचलले. पायाखालची निळी पट्टी एकाएकी खोल गेली, धुक्याने भरली, आणि तिचा पाय धपकन खाली आला. दुसरी खेप तशीच. तिसरीही.

बाल्दोने घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याचा म्हातारा, सुरकुतलेला चेहरा मायेने मऊ झाला. ती मऊपणाची खूण एदेल्मिराने आरशात एकतीस वर्षे पाहिली होती.

"पाच," बाल्दो म्हणाला.

"दोन होते," एदेल्मिरा म्हणाली. "दोन लिही, पोरी."

"सेन्योरा एदेल्मिरा," यास्ना हळूच म्हणाली, "दोन लिहिलं तर तुमचं नाव दुसऱ्या यादीत जाईल. घरच्यांना कळवावं लागतं. कोणाचा नंबर देऊ?"

"कोणाचा नाही. दोन लिही. आणि ऑगस्टच्या कागदावर एक पाच आहे, तोही खोड. ते तीन होते. तीन आणि थोडं. घड्याळ माझ्या हातात होतं, मला दिसत होतं."

बाल्दोने ऐकू येणारा कान पुढे केला होता, तो तसाच राहिला. यास्नाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेले. स्वतःला दोष देत जागलेल्या दोन महिन्यांच्या रात्री असाव्यात त्या. ती टेबलाशी गेली, फाईल उघडली, मिटली.

"तो कागद इथे नाही आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याची जागा झिजून गेली होती. "पेशंट दुसऱ्या प्रांतात गेला की कागद त्याच्याबरोबर जातो. कालामाला आहे तो. तिथल्यांनी सही करून ठेवून घेतला." मग तिने समोरच्या कागदावर, एदेल्मिराच्या नावापुढे, दोन लिहिले.

एदेल्मिराने स्वेटर चढवला. दारात कोणी तिला हात दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही. बाहेर ऊन होते, पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. वर घरापर्यंत अडुसष्ट होत्या, खाली समुद्रापर्यंत एकोणसत्तर. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, समुद्राकडे पाहिले नाही, आणि खेकड्यासारखी आडवी पहिली पायरी चढली.